डब्याच्या झाकणावर किती लिहावे?

(द्वितीय वर्ष कला)

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. ज्या काळी ही म्हण रूढ झाली, त्या काळी ‘जन’ म्हणजे आळीतली चार माणसे, बाजारात भेटणारे दोन ओळखीचे आणि सणावाराला येणारे पाहुणे. त्यांचे ऐकून घ्यायला संध्याकाळचा तासभर पुरत असे. उरलेला दिवस मनाचे करायला मोकळा असे. आज नेमके उलटे झाले आहे. खिशातल्या मोबाईलमधून सारे जग पहाटेपासून सल्ला देत असते. जनाचे ऐकण्यातच दिवस मावळतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत यामुळे फार तर परीक्षेत दहा गुण कमी पडतात. परंतु ज्या घराची चूल एका लहानशा धंद्यावर पेटते, त्या घराला हे फार महागात पडते. मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या घरी हे घडले आहे, आणि त्यात माझा स्वतःचा वाटा मोठा आहे.

मी कोपरखैरण्याला राहते. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, साताऱ्याच्या जावळी तालुक्यातून आले व तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी म्हणून कामाला लागले. आपल्या कॉलेजातील अनेकांच्या घरची कहाणी अशीच आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, पुढे मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आले, आणि बाजारांच्या मागोमाग गोणी वाहणारी माणसेही खाडीच्या अलीकडे आली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला व या माणसांना हक्काची मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. परंतु मणक्याचे दुखणे कायद्याने थांबत नाही. आप्पांच्या कमरेने २०१८ मध्ये जबाब दिला. त्याच वर्षी आईने घराच्या पुढच्या खोलीत पोळी-भाजी केंद्र सुरू केले.

केंद्र कसले, एक ओटा, दोन शेगड्या व खिळ्याला टांगलेली शंभर पानी वही! पदार्थ सहाच: पोळी, भाकरी, सुकी भाजी, रस्सा भाजी, आमटी आणि भात. गिऱ्हाईक ठरलेले. महाप्याच्या एमआयडीसीत काम करणारी एकटी राहणारी मुले, परगावचे काही विद्यार्थी आणि दोन-तीन वृद्ध जोडपी. त्या वहीच्या हिशेबातूनच माझी अकरावी-बारावी झाली आणि कॉलेजची पहिली फीही भरली गेली.

कॉलेजात पाऊल टाकणारी मी आमच्या घरातली पहिली. त्यामुळे माझ्या शब्दाला घरात नको तेवढे वजन आले. “शिकलेली पोर सांगतीय म्हंजे खरंच असणार,” असे आई म्हणायची. मीही त्या मानाने फुगले. धंदा कसा वाढवावा, याविषयीचे व्हिडिओ रोज रात्री पाहू लागले. एक सांगे, पदार्थ वाढवा. दुसरा सांगे, घरपोच सेवेच्या ॲपवर नाव नोंदवा. तिसरा सांगे, शेजारच्या दुकानदारावर बारीक लक्ष ठेवा. मी सगळ्यांचेच ऐकले. पाच महिन्यांत आमच्या फळ्यावरचे सहा पदार्थ एकोणतीस झाले. पनीरच्या तीन भाज्या, नूडल्स, सँडविच, फळांचे रस, काय नि काय! दोन ॲपवर नोंदणी केली. व्यापाऱ्यांच्या चार व्हॉट्सॲप ग्रुपांत आप्पांना घातले. घरात तीन मोबाईल वाजू लागले. आईचे लक्ष मात्र एकच होते.

मग एके दिवशी व्हायचे ते झाले. आमच्या गल्लीतले एक आजोबा पहिल्या महिन्यापासूनचे गिऱ्हाईक. रक्तदाबामुळे त्यांची भाजी अळणी असे. सहा वर्षे आईने ते कधी लिहून ठेवले नाही व ती कधी विसरलीही नाही. त्या दुपारी एकाच वेळी तिन्ही मोबाईल वाजत होते. नूडल्सची ऑर्डर रद्द झाली होती, कांद्याच्या भावाचा संदेश आला होता, आणि मी कुठल्याशा सवलतीच्या योजनेविषयी आईला समजावून सांगत होते. आजोबांच्या डब्यात सगळ्यांची भाजी गेली. असे त्या आठवड्यात दोनदा घडले. आजोबा भांडले नाहीत. त्यांनी रिकामा डबा घासून-पुसून परत पाठवला व महिन्याचे उरलेले पैसेही मागितले नाहीत. पुन्हा डबा मात्र मागवला नाही. आई त्या रात्री जेवली नाही. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीचा अर्थ मला त्या रात्री कळला.

आमचे नेमके चुकले काय? याचे उत्तर मला अर्थशास्त्राच्या तासाला मिळाले. हर्बर्ट सायमन नावाचे अमेरिकन विद्वान होऊन गेले. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९७१ साली, म्हणजे घरोघरी संगणकसुद्धा नव्हते तेव्हा, एक साधा विचार मांडला. कोणतीही गोष्ट मुबलक झाली की तिच्यामुळे दुसऱ्या कशाची तरी टंचाई होते. माहिती मुबलक झाली, तर टंचाई कशाची होईल? माहिती जे खाऊन टाकते त्याची, म्हणजे माणसाच्या लक्षाची. माहिती फुकट मिळते असे आपण समजतो, परंतु तिचे मोल आपण लक्षाच्या रूपाने मोजत असतो. मोठ्या कंपनीला हे मोल परवडते, कारण तिथे लक्ष घालायला पगारी माणसे असतात. पोळी-भाजी केंद्रात लक्ष घालणारी आईच, आणि तव्यावरची पोळी उलटणारीही आईच.

याच सायमननी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. माणसाला सर्व पर्याय तपासून सर्वांत उत्तम तो निवडणे शक्य नसते. तो आपल्या गरजेला पुरेसा चांगला पर्याय सापडला की थांबतो, आणि तेच शहाणपणाचे असते. गोधडी शिवायला बसलेली आजी डब्यातल्या सगळ्या सुयांची टोके तपासत बसत नाही. कापडातून नीट जाणारी सुई हाती लागली की शिवायला घेते. मी मात्र आईला सर्वोत्तम सुई शोधायला लावले होते, आणि गोधडी तशीच राहिली होती.

परंतु ‘पसारा कमी ठेवा’ असे म्हणणे सोपे आहे. काय ठेवायचे व काय टाकायचे, हे कसे ठरवावे? याचा उत्तम धडा परदेशी ग्रंथांत शोधायची गरज नाही. तो रोज आपल्या डोळ्यांसमोरून लोकलच्या मालडब्यातून जातो. मी मुंबईच्या डबेवाल्यांविषयी बोलते आहे.

डबे पोहोचवण्याच्या या कामाची सुरुवात १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी केली असे मानतात. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतले हे लोक. त्यांची संस्था १९५६ साली नोंदली गेली. पांढरी टोपी, सायकल, हातगाडी व लोकल गाडी एवढ्या साधनांवर चालणाऱ्या या कामाचा हार्वर्डच्या व्यवस्थापन महाविद्यालयाने २०१० साली अभ्यास करून तो आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला. त्याआधी २००३ साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी चर्चगेट स्थानकापाशी या मंडळींची भेट घेतली होती. एवढे काय आहे या कामात?

याचे उत्तर डब्याच्या झाकणावर आहे. सकाळी घरातून उचललेला डबा दुपारी कचेरीत पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. एक जण घरून आणतो, दुसरा स्थानकावर निवडतो, तिसरा गाडीतून नेतो, चौथा कचेरीत पोहोचवतो. त्या झाकणावर गिऱ्हाइकाचे नाव नसते. पूर्ण पत्ता नसतो. फोन नंबर नसतो. मध्यभागी एक ठळक आकडा असतो, तो डबा कोणत्या भागात जायचा ते सांगतो. कडेला थोडी अक्षरे व आकडे असतात: पोहोचवणारा कोण, इमारत कोणती, मजला कितवा. रंग व आकृतीवरून डबा कोणत्या स्थानकावरून निघाला ते कळते. बस्स, एवढेच.

मित्रहो, इथे थोडे थांबून विचार करू. नाव, पत्ता, जेवणाची आवड, घरची माणसे ही सगळी माहिती खरी आहे. ती मिळतेही. मग ती झाकणावर का नाही? कारण तिथे ती कोणाच्याच हाताला पुढे काय करायचे ते सांगत नाही. स्थानकावर काही मिनिटांत शेकडो डबे निवडणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाचे आडनाव कळून उपयोग काय? त्याला फक्त ‘हा डबा कोणत्या फळीवर ठेवू?’ एवढेच ठरवायचे असते. आडनाव वाचण्यात गेलेला क्षण त्या निर्णयातून वजा होतो. आणि ज्या घरून डबा आणला ते घर आणणाऱ्याला तोंडपाठ असते; मग ते लिहायचे कशाला? म्हणजे झाकणावर जे लिहिले आहे त्याच्याइतकेच, जे लिहिलेले नाही तेही विचारपूर्वक ठरवलेले आहे. साधेपणा म्हणजे अडाणीपणा नव्हे. कोणती माहिती कोणाला, केव्हा लागते हे पक्के ठाऊक असणे, याचे नाव साधेपणा.

गिऱ्हाइकांच्या बाबतीतही त्यांचा हाच शिरस्ता आहे. वारंवार सांगूनही ज्याच्या घरी डबा वेळेवर तयार नसतो, त्याचे काम ते सोडून देतात. एकासाठी थांबले तर गाडी चुकते, आणि गाडी चुकली तर उरलेल्या साऱ्यांची जेवणे चुकतात. आम्ही मात्र न मागितलेल्या तेवीस पदार्थांसाठी रोजच्या गिऱ्हाइकांची गाडी चुकवत होतो.

यावरून मी तीन प्रश्न काढले. माहिती कोणतीही असो, धंदेवाल्याने तिला दारातच हे तीन प्रश्न विचारावेत. पहिला, तुझ्यामुळे माझ्या हातून होणारे कोणते काम बदलेल? दुसरा, तू नेमकी कोणाला हवीस? तिसरा, तू मला केव्हा हवीस: आत्ता, आठवड्याला, की वर्षातून एकदा?

कांद्याचेच उदाहरण घेऊ. आप्पांचे जुने सोबती बाजारात असल्याने ग्रुपवर कांद्याचा भाव दिवसभर येई, आणि आप्पा तो दिवसभर पाहत. आम्हाला आठवड्याला दहा किलो कांदा लागतो. भाव किलोमागे पाच रुपयांनी चढला तरी आठवड्याला फरक पडतो पन्नास रुपयांचा. शिवाय कांदा आठवड्यातून एकदाच आणायचा असतो. म्हणजे रविवारी सकाळी एकदा भाव विचारला की काम झाले. उलट, ज्या व्यापाऱ्याचा दहा टनांचा ट्रक बाजारात उभा आहे, त्याला किलोमागे एका रुपयाचा फरक म्हणजे दहा हजार रुपये. त्याने तासातासाला भाव पाहिलाच पाहिजे. संदेश एकच, व्यापाऱ्याला तो भाकरी देतो आणि आप्पांची भाकरी करपवतो. माहितीचे मोल माहितीत नसते, ती कोणता निर्णय बदलू शकते त्यात असते.

अर्थात, सगळीच माहिती दारातून परत पाठवून चालत नाही. अन्नपदार्थांच्या धंद्याची नोंदणी, गॅस सिलिंडरचा दर, गिऱ्हाइकाचे पथ्यपाणी, उधारी या गोष्टी दुर्लक्षिल्या तर धंदा बुडतो. म्हणूनच अशा थोड्या गोष्टींकडे नीट पाहता यावे यासाठी बाकीच्या गोष्टी बाजूला सारायच्या.

माझ्या सुदैवाने याच सुमारास आम्हाला अर्थशास्त्राचा एक प्रकल्प करायचा होता. मी आमच्या केंद्राची महिनाभराची नोंद घेतली. प्रत्येक पदार्थापुढे तीनच रकाने केले: किती रुपयांचा विकला, किती वाया गेला, आणि करायला आईचा किती वेळ गेला. महिनाअखेर बेरीज केली, तेव्हा वहीकडे पाहण्याची लाज वाटली. विक्रीचे जवळजवळ तीन चतुर्थांश पैसे जुन्या सहा पदार्थांचेच होते. वाया गेलेला माल बहुतेक सगळा नव्या तेवीस पदार्थांचा होता. आईच्या वेळाचा निम्म्याहून अधिक भागही त्यांनीच खाल्ला होता. ज्या विद्येच्या बळावर मी हा पसारा मांडला होता, त्याच विद्येने तो मोजूनही दाखवला. विद्येचा दोष नव्हता. मी ऐकायला आधी शिकले आणि मोजायला नंतर, हा दोष होता.

मी वही आईसमोर ठेवली. तिला आकडेमोड फारशी येत नाही, पण तिने रकान्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “हे मला ठावं हुतं गं. पण तू शिकलेली, म्हून बोलले न्हाई.” हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. पहिल्या पिढीतल्या आम्हा विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपण घरी नवे ज्ञान आणतो तेव्हा घरातले जुने ज्ञान आदराने गप्प बसते. त्याला बोलते करणे हेही आपलेच काम आहे.

पदार्थ कमी करण्याच्या धैर्याविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच आजची लिज्जत पापडवाली संस्था. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. दोन प्रती ठेवल्या तर दोन्ही प्रकारची गिऱ्हाइके मिळतील असा हिशेब त्यात असावा. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी एकाच दर्जाचा पापड करा, दर्जा सोडू नका आणि हिशेब चोख ठेवा, असा सल्ला दिला. दुसरी प्रत सोडणे म्हणजे हातचे गिऱ्हाईक सोडणे. पण एकच माल असला की प्रत्येक लाटणाऱ्या हाताला आपल्याला काय करायचे आहे ते न विचारता कळते. संस्था पुढे हजारो स्त्रियांची झाली, त्यामागे अनेक कारणे असतील. हे त्यांपैकी एक खचित आहे.

इथे कोणी विचारील, की एकच काम धरून बसण्यात धोका नाही का? आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २०२० साली कोरोनाची टाळेबंदी आली, कचेऱ्या बंद झाल्या, लोकल सामान्य प्रवाशांना बंद झाली आणि ज्या डबेवाल्यांचे आपण कौतुक करतो त्यांचेच काम एका दिवसात थांबले. कचेऱ्या उघडल्यावरही घरून काम करण्याची पद्धत राहिली, आणि कित्येकांना हा व्यवसाय सोडावा लागला. म्हणजे साधेपणा हे कवचकुंडल नव्हे. आपल्या धंद्याच्या पायाखालची जमीन हलते आहे का, हे मान वर करून अधूनमधून पाहावेच लागते. परंतु वर्षातून चार वेळा मान वर करून पाहणे वेगळे, आणि दिवसभर मान वर ठेवून चालणे वेगळे. दिवसभर वर पाहणारा ठेच लागून पडतो. बदल करायचा तर एका वेळी एकच करावा, महिनाभर मोजावा, आणि मगच ठेवावा किंवा सोडावा.

आता आमच्याकडे काय झाले ते सांगून संपवते. फळ्यावर पुन्हा सहा पदार्थ आहेत; सातवे थालीपीठ फक्त शनिवारी असते, कारण रकान्यांत तेवढे एकच टिकले. दोन्ही ॲप बंद केली. आप्पा एकाच ग्रुपात आहेत, तोही गावाकडचा. पैसे घेण्याचा क्यूआर कोड मात्र ठेवला आहे, कारण त्याने सुट्ट्या पैशांची कटकट खरोखरच वाचली. नवे म्हणून सगळे टाकायचे असेही नाही. केंद्र चालू असताना मोबाईल फडताळात असतो. दुपारी तीननंतर मी बसून संदेश पाहते व त्यांतले आईला लागणारे तेवढेच तिला सांगते. बहुतेक दिवशी सांगण्यासारखे काहीच नसते.

आणि डब्यांच्या झाकणांवर आम्ही रंगाने खुणा केल्या आहेत. किती खुणा कराव्यात यावर माझा आणि आईचा थोडा वाद झाला. मला नाव, वेळ, महिन्याचा हिशेब असे पुष्कळ हवे होते. आई म्हणाली, “भाजी वाढताना मला कायकाय वाचायला लावशील?” शेवटी तीनच गोष्टी ठरल्या: गल्लीचा आकडा, पोळ्यांची संख्या, आणि ज्याची भाजी अळणी आहे त्याच्या झाकणावर लाल रंगात मोठा ‘अ’.

दिवाळीनंतर एका सकाळी आप्पा काठी टेकत आजोबांच्या घरी गेले व चुकीबद्दल क्षमा मागून आले. आठ दिवसांनी आजोबांचा डबा पुन्हा ओट्यावर आला. त्या झाकणावरचा ‘अ’ मी स्वतः रंगवला आहे. कॉलेजला निघण्यापूर्वी रोज एकदा तो पाहते, आणि मगच घराबाहेर पडते.